छोट्या पडद्यावरचे अग्निबाण

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. तिच्या मागे बँकर इंजिने जोडली जातात, ती गाडीला बोरघाटाचा चढ चढवून देतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून चढाला जादा इंजिन लावण्याचा हा शिरस्ता आहे. पुढची वाट सपाटीची असल्याने मावळात जादा इंजिनाचे काम उरत नाही. काम संपलेले यंत्र पुढे वाहून नेण्यात शहाणपण नसते, हा त्यातला साधा हिशेब. अवकाशात जाणाऱ्या अग्निबाणाचे टप्पे याच हिशेबाने बनवलेले असतात. पहिला टप्पा जळून संपला की तो गळून पडतो, मग दुसरा पेट घेतो. फरक इतकाच की घाटातले इंजिन दुसऱ्या गाडीसाठी परत जाते. अग्निबाणाचा टप्पा अनेकदा समुद्रात पडतो.

हा हिशेब पाळणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांचा एक लहान पण चिवट वर्ग गेल्या सहा-सात दशकांत तयार झाला आहे. परग्रहावरचे राक्षस, किरणांच्या तलवारी आणि क्षणार्धात आकाशगंगा ओलांडणारी याने यांपासून तो दूर राहतो. इंधन किती उरले, झडप का अडकली, कोठडीतली हवा किती तास पुरेल आणि या साऱ्याचा खर्च कोण देणार, हे त्याच्या नाट्याचे विषय. कुणी सरकारी मोहिमेची कथा सांगतो, कुणी गॅरेजमध्ये अग्निबाण जुळवणाऱ्या हौशी माणसाची. भारतात २०२२ मध्ये आलेल्या ‘रॉकेट बॉइज’ने या वर्गाकडे मोठा प्रेक्षक वळवला आणि त्याबरोबर एक जुना प्रश्नही पुढे आणला. अशी मालिका हीच अनेकांच्या दृष्टीने त्या काळाचा एकमेव इतिहास ठरते. मग तिने सत्याशी किती इमान राखावे?

मावळाने पाहिलेले बाण

अग्निबाण ही वस्तू मावळाला नवी नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या डिसेंबरात बोरघाट चढून वर आली. खंडाळा, कार्ले, तळेगाव असा तिचा मार्ग होता. महादजी शिंदे आणि इतर मराठा सरदारांच्या सैन्याने तिला समोरासमोर मोठी लढाई न देता सतत सतावले. तोफांच्या जोडीला बाणांचाही मारा होत होता. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठी बखरींनी आणि लोकस्मृतीने ‘इष्टुर फाकडा’ म्हणून त्याचे नाव जपले आहे. तळेगावला पोचलेल्या फौजेने माघार घेतली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिला तह करावा लागला.

त्या काळचा ‘बाण’ म्हणजे दारू ठासलेली नळी आणि तिला बांधलेली लांब काठी. पेटलेल्या दारूचा वायू मागे सुटतो आणि नळी पुढे जाते. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू यांनी लोखंडी नळ्या वापरून त्याचा पल्ला आणि जोर वाढवला. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर असे बाण इंग्लंडला नेण्यात आले आणि त्यांच्या अभ्यासातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम काँग्रीव्हने आपले अग्निबाण घडवले. नळी भक्कम असेल तर आतला दाब वाढवता येतो, दाब वाढला तर वायूचा वेग वाढतो, हे तत्त्व त्यात आहे. आजच्या घन इंधनाच्या मोटारीचे कवच बनवणारा अभियंताही याच तत्त्वाशी झगडत असतो.

वास्तववादाच्या कसोट्या

एखादी अवकाशमालिका वास्तववादी आहे की नाही, हे ओळखण्याच्या काही ठोक कसोट्या आहेत. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

पहिली कसोटी उंची आणि वेग यांतला फरक. अवकाशाची सर्वमान्य सीमा समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटरवर मानली जाते. मुंबई-पुणे अंतर त्याहून अधिक आहे. त्या उंचीवर जाणे अवघड असले तरी अशक्यप्राय नाही. कठीण असते ते तिथे टिकून राहणे. पृथ्वीभोवती फिरत राहायचे तर सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग हवा. या वेगाने पुणे-लोणावळा हे चौसष्ट किलोमीटरच्या आसपासचे अंतर आठ-साडेआठ सेकंदांत संपेल. वर गेलेले यान आपोआप तरंगू लागते असे जी मालिका दाखवते, ती या पहिल्याच कसोटीत नापास होते. यानातली माणसे तरंगतात ती गुरुत्वाकर्षण संपले म्हणून नव्हे. यान आणि माणसे एकाच वेगाने पृथ्वीभोवती ‘पडत’ असतात म्हणून.

दुसरी कसोटी वजनाची. चंद्रावर माणसे नेणारा सॅटर्न-५ उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचा होता. तीन अंतराळवीरांना घेऊन समुद्रात उतरले ते साडेपाच टनांच्या आसपासचे कवच. बाकीचे सारे जळून, गळून किंवा टाकून दिलेले. वास्तववादी लेखक पात्रांना काही तरी सोडून द्यायला लावतो, कारण प्रत्येक किलोसाठी इंधन लागते आणि त्या इंधनासाठी आणखी इंधन.

तिसरी कसोटी शांततेची आणि विलंबाची. निर्वातात स्फोटाचा आवाज होत नाही. पृथ्वीवरून चंद्राकडे गेलेला शब्द सव्वा सेकंदाने पोचतो. मंगळाकडे जायला त्याला अंतरानुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. मंगळावरच्या माणसाशी फोनवर बोलावे तसा संवाद घडवणारी मालिका सोय पाहते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी अपयशाची. खरे अग्निबाण उडण्यापेक्षा अधिक वेळा थांबतात. उलट मोजणी अडते, चाचणी पुढे ढकलली जाते, अहवाल लिहिला जातो, पुन्हा सुरुवात होते. ही दिरंगाई नाट्यमय करून दाखवणे हेच या लेखनप्रकाराचे खरे कसब आहे.

पडद्यावरची वाटचाल

या वर्गातली एक आरंभीची मालिका म्हणजे अमेरिकेत १९५९-६० मध्ये दाखवली गेलेली ‘मेन इन्टू स्पेस’. माणूस अद्याप अवकाशात गेला नव्हता, तरी कर्नल मॅकॉली या नायकाच्या अडचणी इंधनगळतीच्या आणि जोडणी फसल्याच्या होत्या. निर्मितीला अमेरिकी संरक्षण खात्याचे साहाय्य होते आणि दृश्यांच्या कल्पना अवकाशचित्रकार चेस्ली बोनेस्टेल यांनी दिल्या होत्या.

अपोलो मोहिमा संपल्यानंतर ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७३ मध्ये ‘मूनबेस ३’ ही सहा भागांची मालिका केली. चंद्रावरच्या तळाला पैसा अपुरा पडतो आणि माणसे एकटेपणाने खचतात, असा तिचा सूर होता. १९८७ मधील ‘स्टार कॉप्स’मध्ये अवकाशस्थानकांवरच्या गुन्ह्यांचा तपास करणारे पोलीस होते. दोन्ही मालिका एकेका हंगामातच आटोपल्या. काटेकोरपणा आणि लोकप्रियता यांचे गणित जुळवणे सोपे नसते, हा धडा निर्मात्यांनी त्यातून घेतला.

हे गणित जुळवले ते एचबीओच्या १९९८ मधील ‘फ्रॉम दि अर्थ टु द मून’ या बारा भागांच्या मालिकेने. अभिनेता टॉम हँक्स तिचा एक निर्माता होता. अपोलो-१ च्या कोठडीत १९६७ मध्ये लागलेली आग, तिच्यात गेलेले तिघे आणि नंतरची चौकशी यांवर तिचा एक संपूर्ण भाग आहे. चांद्रयान बनवणाऱ्या अभियंत्यांवर दुसरा आहे. त्यात कुणी उडत नाही. वजन कमी कसे करायचे यावर वर्षानुवर्षे वाद होतात, बसण्याच्या खुर्च्या काढून टाकून अंतराळवीरांना उभेच ठेवण्याचा निर्णय होतो आणि प्रेक्षक श्वास रोखून पाहत राहतो.

जपानच्या एनएचकेवर २००३-०४ मध्ये आलेली ‘प्लॅनेटेस’ ही सचेतपटमालिका अवकाशातला कचरा गोळा करणाऱ्या कामगारांची कथा सांगते. कंपनीत त्यांचा विभाग सर्वांत खालच्या पायरीवर आहे. पगार, बढती, विम्याचे अर्ज असे कोणत्याही कार्यालयात आढळणारे प्रश्न तिथेही आहेत. २०१९ पासून आलेली ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ चंद्रावर सोव्हिएत संघ आधी पोचला असता तर काय झाले असते, अशी कल्पना करते. इतिहास तिने बदलला. अभियांत्रिकी मात्र, निदान आरंभीच्या हंगामांत, शक्यतेच्या चौकटीत ठेवली.

हौशी अग्निबाणकार

घरच्या घरी अग्निबाण बनवणारा माणूस हे पात्र पडद्याला नेहमीच मोहवत आले आहे. १९७९ मधील ‘साल्व्हेज १’ या अमेरिकी मालिकेत हॅरी ब्रॉडरिक हा भंगारवाला टाकाऊ सामानातून यान जुळवतो. काँक्रीट मिसळण्याच्या यंत्राचे पिंप ही त्याची कोठडी. अपोलोच्या वीरांनी चंद्रावर मागे ठेवलेले सामान आणून विकायचे, हा त्याचा व्यवहार. अँडी ग्रिफिथने रंगवलेला हा भंगारवाला लोभस आहे, परंतु इंधन लेखकांच्या सोयीचे आहे. वजनाच्या कसोटीला हे यान उतरत नाही.

या प्रकारातली सर्वांत खरी कथा अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कोलवुड या खाणगावाची. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक डोक्यावरून जाताना पाहून होमर हिकम आणि त्याचे शाळकरी मित्र अग्निबाण बनवू लागले. पहिला प्रयोग आईच्या बागेच्या कुंपणावर गेला. मग जस्ताची भुकटी आणि गंधक, पुढे नळीच्या तोंडाशी अरुंद होऊन पुन्हा रुंदावणारे नोझल आणि ते आखण्यासाठी स्वतःहून शिकलेले गणित. १९६० मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. हिकमचे आत्मकथन १९९८ मध्ये ‘रॉकेट बॉइज’ या नावाने आले आणि पुढच्या वर्षी ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट. इंग्रजीत या दोन्ही शीर्षकांची अक्षरे तीच आहेत, केवळ क्रम बदलला आहे. हिकम पुढे नासात अभियंता झाला.

चित्रपटात ही कथा प्रेरक वाटते. तिच्या मागे असलेला धोका मात्र पडद्यावर पुरेसा दिसत नाही. इंधनाचे मिश्रण घोटताना, नळीत ठासताना किंवा न पेटलेला बाण तपासायला जाताना बोटे आणि डोळे गमावल्याची उदाहरणे जगभर आहेत. भारतात १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे स्फोटके नियम लागू आहेत. परवान्याशिवाय असे मिश्रण तयार करणे हा गुन्हा ठरतो. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. मावळच्या आकाशातून मुंबई-पुणे परिसरातली विमाने जातात, लोणावळ्यात नौदलाचे ‘आयएनएस शिवाजी’ आहे, देहूरोडला दारूगोळ्याची आस्थापने आहेत. इथल्या माळावर हौसेने अग्निबाण सोडणे म्हणजे स्वतःला आणि इतरांना संकटात लोटणे होय.

ज्यांना तत्त्व समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी पाण्याचा अग्निबाण हा निर्धोकतेच्या अधिक जवळचा मार्ग आहे. शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्यायचे, बूच लावून सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानात, दूर उभे राहून ती सोडायची. पाणी मागे फेकले जाते, बाटली पुढे जाते. पाणी कमी-जास्त करून उंची कशी बदलते हे टिपून ठेवले की वजनाची कसोटी मुलांना पुस्तकाविना कळते. त्यापुढची पायरी महाविद्यालयांतील संघांची असते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीने कक्षेत नेला. त्यामागे अनेक वर्षांचे काम होते आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्यात येऊन गेल्या. हौस आणि संस्था यांची सांगड पडली की काय घडते, याचा तो नमुना आहे.

एका झडपेची गोष्ट

वास्तववादी मालिकांमध्ये औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटावी अशी मालिका जपानची आहे. जुन इकेइदो यांच्या ‘शितामाची रॉकेट’ या कादंबरीला २०११ मध्ये नाओकी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी तिच्यावर एक मालिका झाली. २०१५ आणि २०१८ मध्ये टीबीएस वाहिनीने केलेली दुसरी मालिका अफाट लोकप्रिय ठरली. नायक त्सुकुदा हा अग्निबाणाचा अभियंता. त्याने घडवलेल्या इंजिनाचे उड्डाण फसते आणि तो टोकियोच्या ओता विभागातील वडिलांच्या छोट्या कारखान्यात परततो. मोठे ग्राहक ऑर्डर काढून घेतात, बँक कर्ज नाकारते, पेटंटचा खटला मानगुटीवर बसतो. एका बलाढ्य कंपनीला राष्ट्रीय अग्निबाणासाठी जी झडप हवी असते, तिचे पेटंट मात्र या छोट्या कारखान्याकडे निघते. पेटंट विकून मोकळे व्हायचे की झडप स्वतः बनवून द्यायची, एवढ्या एका निर्णयावर अनेक भाग उभे आहेत.

हे कुणाला अतिरंजित वाटेल, तर भारताचा स्वतःचा इतिहास पाहावा. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले. पहिला टप्पा नीट चालला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणप्रणालीतील एका झडपेत दोष आल्याने इंधन जाळण्यासाठी लागणारे आम्ल आधीच गळून गेले होते. नियंत्रण गेले आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. वर्षभरात, १८ जुलै १९८० रोजी, त्याच यानाच्या पुढच्या प्रतीने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत ठेवला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ फुटले ते थंडीने लवचिकता गमावलेल्या रबरी कड्यामुळे. त्या चौकशीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात ते रबर बुडवून दाखवले. बीबीसीने २०१३ मध्ये त्यावर ‘द चॅलेंजर’ हे दूरचित्रवाणी नाट्य केले. झडप, कडे, जोड अशा चार बोटांत मावणाऱ्या वस्तूंवर अवकाशातली माणसे आणि देशांची प्रतिष्ठा अवलंबून असते.

असे सुटे भाग घडवणारी माणसे पुणे जिल्ह्यात दूर शोधावी लागत नाहीत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने पीएसएलव्हीसारख्या यानांच्या मोटारींची कवचे घडवली. मावळात तळेगावला लार्सन अँड टुब्रोच्या संकुलात ‘पिनाका’ अग्निबाणांचे प्रक्षेपक तयार झाले; ‘पिनाका’ची रचना पुण्यातील पाषाण येथील संशोधन संस्थांची. तळेगाव, चाकण, भोसरी या पट्ट्यात एक शतांश मिलिमीटरसाठी रात्रपाळी करणारे टर्नर-फिटर आहेत. त्सुकुदाच्या कारखान्यातले वाद त्यांना भाषांतराशिवाय कळतील.

भारतीय पडदा आणि गाळलेली नावे

दूरदर्शनवर १९८० च्या दशकात ‘स्पेस सिटी सिग्मा’सारखी विज्ञानकथेची मालिका आली, पण तिचा पिंड कल्पनारम्य होता. वास्तवाकडे वळायला मंगळयानाचे यश कारण ठरले. नोव्हेंबर २०१३ मध्ये निघालेले हे यान सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरले. त्यावर बेतलेला ‘मिशन मंगल’ हा चित्रपट आणि मोहिमेतील स्त्रियांवर भर देणारी ‘मिशन ओव्हर मार्स’ ही मालिका, दोन्ही २०१९ मध्ये आली. दोहोंनी घरगुती प्रसंगांना मोठी जागा दिली. कक्षेचे गणित सोपे करून सांगितले.

‘रॉकेट बॉइज’ त्या मानाने महत्त्वाकांक्षी होती. अभय पन्नू यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचा पहिला हंगाम फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि दुसरा मार्च २०२३ मध्ये सोनी लिव्हवर आला. होमी भाभांच्या भूमिकेत जिम सर्भ आणि विक्रम साराभाईंच्या भूमिकेत इश्वाक सिंग होते. सर्भ यांना आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचे नामांकनही मिळाले. काळाचा पोत आणि दोन शास्त्रज्ञांतील मैत्री व मतभेद यांची गुंफण तिने उत्तम साधली. तथापि मेहदी रझा या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याच्या पात्रात अनेकांना मेघनाद साहांची छाया दिसली आणि खऱ्या शास्त्रज्ञावर अन्याय झाल्याची टीका झाली. नाट्याला खलपात्र हवे असते. इतिहासात ते नसेल तर आणायचे कोठून, हा पेच तिथे उघडा पडला.

त्याहून मोठा पेच गाळलेल्या माणसांचा आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावर थुंबा येथून पहिला नाइकी-अपाची अग्निबाण सुटला. ती जागा चुंबकीय विषुववृत्तावर होती म्हणून निवडली गेली. सेंट मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये कार्यालय थाटले गेले. उड्डाणाच्या दिवशी अग्निबाण उचलणाऱ्या क्रेनच्या यंत्रणेत गळती झाली तेव्हा तो माणसांच्या बळावर प्रक्षेपकावर चढवला गेला. संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा रंगीत ढग उमटला. इतके नाट्य पदरात असताना कल्पनेची फारशी गरज पडू नये.

या कथेत मराठी माणसे पहिल्या रांगेत होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस थुंब्याची जागा शोधणाऱ्यांत होते. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवणाऱ्या ‘साइट’ प्रयोगाची सूत्रे त्यांच्याकडे होती. भारतीय खेड्यात छोटा पडदा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गेला तो अवकाश कार्यक्रमातून, ही गोष्ट या विषयात विशेष लक्षात घ्यावी लागते. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे यांनी थुंब्याच्या पहिल्या उड्डाणाची उलट मोजणी केली. पुण्याचेच वसंत गोवारीकर १९६७ मध्ये इंग्लंडहून परतले आणि घन इंधनाच्या संशोधनात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घातला. एसएलव्ही-३ यशस्वी झाले तेव्हा ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. गोवारीकरांचे २०१५ मध्ये पुण्यात निधन झाले. वयाची शंभरी ओलांडलेले चिटणीसही २०२५ मध्ये पुण्यातच गेले. विज्ञानकथेला मराठीत प्रतिष्ठा देणारे जयंत नारळीकर यांनीही त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात अखेरचा श्वास घेतला. प्रत्यक्ष पाहिलेले सांगू शकणारी पिढी अशी वेगाने मागे सरत आहे.

लोणावळ्याचा हवाबंद खड्डा

अग्निबाण माणसाला वर नेतो. तिथे त्याला जगवते ती कोठडीतली हवा. या विषयाचा एक धागा थेट लोणावळ्याला येतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्याची परंपरा घातली. जमिनीत पुरून घेऊन जिवंत राहण्याचे योग्यांचे दावे तेव्हा सर्वत्र ऐकू येत. संस्थेच्या संशोधकांनी पुढे हवाबंद खड्डा तयार करून त्यात माणसे बसवली आणि आतल्या हवेत व शरीरात होणारे बदल मोजले. करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांचा त्यासंबंधीचा निबंध १९६८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला.

बंद जागेत माणूस प्राणवायू संपल्याने गुदमरतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि त्याचा त्रास बहुधा आधी जाणवतो. धाप लागते, डोके दुखते, विचार मंदावतो. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या तिघांवर हीच वेळ आली. दोघांसाठी बनवलेल्या चांद्रयानात ते आश्रयाला होते. हवा शुद्ध करणारे जादा डबे चौकोनी आणि खोबण गोल. प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांतून जोड तयार झाला आणि तिघे वाचले. त्याआधी दोन वर्षे लोणावळ्यातल्या खड्ड्याचे आकडे छापून आले होते. दोन्हीकडचे उद्देश निराळे होते. मोजायची गोष्ट मात्र सारखीच होती: बंद हवेत माणूस किती काळ माणूस राहतो. राकेश शर्मा यांनी एप्रिल १९८४ मध्ये ‘सॅल्यूत-७’ वर योगासनांचा प्रयोग केला, तेव्हा योग आणि अवकाश यांची गाठ प्रत्यक्षातही पडली.

या साऱ्यांतून मराठीत अद्याप एकही मालिका उभी राहिलेली नाही. खर्च हे त्याचे कारण सांगितले जाते. ‘प्लॅनेटेस’ आणि ‘शितामाची रॉकेट’ यांचा अनुभव पाहता ते पूर्ण पटणारे नाही. कारखान्यातली एक पाळी, झडपेचा एक दोष, चर्चमधले एक कार्यालय किंवा एका खड्ड्याभोवती घड्याळ घेऊन बसलेले तीन संशोधक, एवढ्यावर भाग उभा राहू शकतो. लागतो तो अभ्यास आणि अपयश दाखवण्याची तयारी. एसएलव्ही-३ पहिल्या प्रयत्नात समुद्रात पडले, हे ज्या मालिकेला सांगता येईल तिलाच अकरा महिन्यांनी मिळालेल्या यशाचे मोल प्रेक्षकाला पटवता येईल.